चाकाची घंटा आणि साडेसातचा फोन

जर्मनीतल्या एका डोंगरी गावाचा इतिहास मी सौदीतल्या बुरैदा शहरात, डायलिसिस युनिटमध्ये, रुग्णांच्या खुर्च्यांमधून फिरता फिरता पाठ केला. शाळेत असताना याच विषयात मी जेमतेम काठावर पास व्हायचे. तहाची कलमं पाठ होत नाहीत म्हणून बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. त्या बाईंनी मला इथे बघितलं असतं तर चक्कर येऊन पडल्या असत्या, आणि बीपी मलाच घ्यावं लागलं असतं.

कारण साधं होतं. नऊ वर्षांपूर्वी श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावातून मी नर्स म्हणून सौदीत आले, तेव्हा माझी लेक तीन वर्षांची होती. तिचे वडील ती दीड वर्षाची असताना अपघातात गेले. इथे आम्हा नर्सना हॉस्टेलची खोली, एका खोलीत दोघी. तिथे मूल आणायची सोय नाही. "दोन वर्षं काढते आणि येते," असं सांगून मी लेकीला माझ्या आईकडे ठेवून आले. दोनाची नऊ कधी झाली कळलं नाही, असं लिहिण्याची पद्धत आहे. पण मला प्रत्येक वर्ष कळलं. पुढे माझ्या खोलीतल्या केरळच्या मैत्रिणीने सांगितलं की जर्मनीला नर्स हव्या आहेत आणि तिकडे मूल सोबत नेता येतं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट दिसायला लागली. माझी लेक माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. त्यासाठी जर्मनीच काय, मी चंद्रावरही इंजेक्शनं द्यायला गेले असते.

जर्मन भाषेने दोन वर्षं नाकी नऊ आणले. परीक्षा झाली, आणि हार्त्स नावाच्या डोंगरातल्या एका छोट्या गावच्या इस्पितळाने मुलाखतीला बोलावलं. मुलाखत व्हिडिओवर, महिन्याभराने. पुण्याच्या ज्या बाई मला ऑनलाइन जर्मन शिकवायच्या त्या म्हणाल्या, "गावाबद्दल दोन वाक्यं तयार ठेवा. त्यांना बरं वाटतं." दोन वाक्यं! त्यांना माझा स्वभाव ठाऊक नव्हता. मी गावाच्या वेबसाइटवरचा सगळा इतिहास छापून घेतला, बारा पानं झाली, आणि त्यांच्या घड्या घालून गणवेशाच्या खिशात ठेवल्या.

पहिल्या दोन पानांत कंटाळा आला. डोंगरात चांदी आणि शिसं सापडलं, मठातल्या साधूंनी खाणी काढल्या, वस्ती झाली. तिसऱ्या पानावर प्लेग आला आणि गाव संपलं. अर्धं नाही, सगळं. जे उरले ते डोंगर उतरून गेले. दीडशे वर्षांच्या वर तिथे कुणी राहिलं नाही. खाणींची तोंडं झाडांनी बुजली, खाली पाणी भरलं. मग तिथल्या राजाला पुन्हा चांदीची आठवण झाली. त्याने दवंडी पिटली: जो खाणीत काम करायला येईल त्याला वेठबिगारी नाही, घराला लाकूड फुकट, बाजार भरवायची मोकळीक. ती ऐकून पूर्वेकडच्या दुसऱ्या डोंगरांतले खाणकामगार बिऱ्हाडं घेऊन आले. हे वाचताना मी सुई हातात धरून तशीच उभी राहिले. म्हणजे हे अख्खं गाव परगावच्या कामगारांचं! दवंडी ऐकून आलेल्यांचं. मला ते गाव तिथल्या तिथे ओळखीचं वाटायला लागलं.

माझी पाठांतरं ऐकायला एक हक्काचा माणूस होता. बुरैदाबाहेर त्याची खजुराची बाग. वय सत्तरीच्या पुढे. रविवार, मंगळवार, गुरुवार सकाळी तो माझ्याकडे चार तास खुर्चीत असायचा. मी त्याला सगळ्या नर्स म्हणतात तसं "बाबा" म्हणायचे, तो मला "या बिंती" म्हणायचा, म्हणजे मुली. डायलिसिसच्या माणसाला खजूर वर्ज्य. त्यातलं पोटॅशियम हृदयाला महागात पडतं. पण बागाईतदाराला खजूर खाऊ नको म्हणणं म्हणजे आमच्या कोकणातल्या माणसाला मासे खाऊ नको म्हणण्यासारखं. हंगामात तो खिशात चार खजूर लपवून आणायचा आणि मी त्याच्या खिशात हात घालून ते काढून घ्यायचे. त्यावरून आमचं दर आठवड्याला भांडण. तो म्हणायचा, "तुझ्या नवऱ्याला तरी जगू देतेस की नाही कोण जाणे." मग त्याला माझी हकीकत कळली आणि तो तसं बोलायचा थांबला. खजूर आणायचा मात्र थांबला नाही.

त्याला जर्मनचा गंध नव्हता. मी आधी एक परिच्छेद जर्मनमध्ये म्हणायचे, मग माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत त्याला अर्थ सांगायचे. त्याला ते आवडायचं. प्लेगच्या दिवशी त्याने सगळ्या मेलेल्यांसाठी दुवा मागितली. पुढच्या खेपेला मी सांगितलं की त्या खाणींचा खरा शत्रू पाणी. जितकं खोल खणावं तितकं पाणी वर येतं, आणि माणूस चांदीपर्यंत पोचायच्या आत बुडतो. म्हणून त्यांनी डोंगरमाथ्यावर तळी बांधली, कोसच्या कोस पाट काढले, त्या पाटाच्या पाण्यावर मोठाली लाकडी चाकं फिरवली आणि त्या चाकांच्या जोरावर खालचं पाणी उपसलं. रात्रंदिवस. चाकं थांबली की खाण बुडाली.

बाबाने आपल्या हातातल्या नळ्यांकडे बघितलं, मग मशीनकडे. त्या दिवशी आम्ही त्याच्या अंगातलं तीन लिटर पाणी काढत होतो.

"मग मी ती खाण," तो म्हणाला. "आणि चांदी?"

"चांदी कुठली! खजूर भरलेत नुसते," मी म्हटलं. शेजारच्या खुर्चीतला रुग्ण, एक निवृत्त हेडमास्तर, इतका हसला की त्याच्या मशीनचा अलार्म वाजला.

आठव्या पानावर ती घंटा आली. पाणी उपसणाऱ्या चाकाला एक छोटी घंटा जोडलेली असायची. चाक फिरलं की दर फेऱ्याला एक टोला. दिवसभर, रात्रभर, वर्षानुवर्षं. गाव त्या आवाजात जेवायचं, भांडायचं, झोपायचं. कुणालाही तो ऐकू यायचा नाही. पण चाक अडलं आणि घंटा थांबली की अख्खं गाव जागं व्हायचं. म्हणजे आमच्या मशीनच्या अगदी उलट. आमचं मशीन सगळं ठीक असताना गप्प असतं आणि बिनसलं की कोकलतं.

ते एवढं एक पान मला पाठ करावं लागलं नाही.

मी बाबाला सांगितलं तर तो म्हणाला, "यात नवीन काय? आमच्याकडेही हेच होतं." त्याच्या लहानपणी पंप नव्हते. उंट विहिरीपासून उतारावर चालत जायचा आणि कातडी मोट वर यायची. विहिरीवरचं लाकडी चाक असं करकरायचं की दोन बागा ओलांडून ऐकू जावं. "चाक गप्प झालं की घरात कळायचं, उंट थांबलाय किंवा पोरगा झोपलाय. पोरगा म्हणजे मी."

"मग मार बसायचा?"

"वडील आतून ओरडायचे. ते ऐकून मी उठलो असं कधी झालं नाही. आई काही न बोलता चालत यायची."

मी पुण्याच्या बाईंनाही हे सांगितलं असतं, पण त्यांनी वाक्यातली क्रियापदं दुरुस्त केली असती. मला आमच्या सुपारीच्या बागेतला रहाट आठवला. माझ्या लहानपणी तो होता. रेडा गोल फिरायचा, लोटे भरून वर यायचे, पन्हळीत रिकामे व्हायचे, आणि पहाटे त्या कुरकुरीनेच आम्ही गाढ झोपायचो. शिंपणं संपून रहाट थांबला की जाग यायची. हार्त्स, बुरैदाचा हा कसीम प्रांत आणि श्रीवर्धन. एकमेकांना माहीतही नसलेली माणसं एकाच तऱ्हेने झोपत होती, याचं मला फार बरं वाटलं. तेव्हा त्यात माझ्यासाठी काही आहे, हे लक्षात आलं नाही.

माझ्या घरची घंटा रोज साडेसातला वाजायची. भारतातले साडेसात, इथले पाच. माझी ड्यूटी संपलेली, लेकीचा अभ्यास संपलेला. नऊ वर्षांत मी हा फोन चुकवला नाही, आणि याचा मला एवढा अभिमान होता की मैत्रिणींना मी तो ऐकवून दाखवायचे. त्यात काय असायचं तेही सांगते.

"जेवलीस का?"

"हो."

"अभ्यास?"

"झाला."

"आजीला त्रास देत नाहीस ना?"

"नाही."

"बरं. दे आजीला."

मग आई यायची, लाइटबिल, सुपारीचा भाव, कुणाचं लग्न. सगळं ठीक. चाक फिरतंय. मी चहा करायला उठायचे.

मुलाखतीच्या दिवशी मी साडी नेसले. मैत्रीण म्हणाली, कमरेपर्यंतच दिसणार आहे, नेसतेस कशाला. मी म्हटलं, मला तर पूर्ण दिसते ना. पडद्यावर त्या इस्पितळाच्या मुख्य परिचारिका होत्या, साठीच्या आसपासच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि एक तरुण कार्यालयातला माणूस. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: तुम्हाला आमच्याच गावात का यायचंय?

आणि मी सुटले. साधूंपासून. अडखळले नाही, थांबले नाही, श्वास घेतला की नाही आठवत नाही. आपल्याकडे तोंडी परीक्षेत असंच उत्तर देतात. मध्ये थांबला तो नापास. साधू, चांदी, प्लेग, ओसाडी, दवंडी, तळी, पाट, चाकं, मोठं युद्ध, सैन्याने केलेली लूट, आगीत जळालेली घरं. कार्यालयातल्या माणसाने एकदा तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर करून त्याला गप्प केलं. मी बाराव्या पानाच्या शेवटच्या पूर्णविरामापर्यंत गेले आणि मगच थांबले. मला वाटलं, झालं, घोडं अडलं.

मग बाई हसल्या. तुच्छतेने नाही. म्हणाल्या, "मी याच गावात जन्मले. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं." आणि सहज विचारलं, "जे खाणकामगार नव्याने आले, त्यांच्या बायकामुलांचं काय? तीही लगेच आली का?"

हे बारा पानांत कुठेच नव्हतं. माझी पोपटपंची संपली. मला पहिल्यांदा स्वतःचं जर्मन बोलावं लागलं. मी म्हटलं, "माहीत नाही. तिथे चाकांची मापं लिहिलीत, तळ्यांची खोली लिहिलीय. मुलांबद्दल काही लिहिलेलं नाही. मला एक मुलगी आहे. तिला आणायचंय. मी त्यासाठी येते आहे." क्रियापद बहुतेक चुकलं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुढे डायलिसिसचेच प्रश्न विचारले, जे मला झोपेतही येतात.

दहा दिवसांनी होकार आला. बुधवार होता. मी पत्र तीनदा वाचलं, खोलीतल्या मैत्रिणीला मिठी मारली, रडलेही. नऊ वर्षांची गाठ सुटली असं वाटत होतं. पाच वाजायची वाट बघणं अशक्य झालं, तरी बघितली.

लेकीने फोन उचलला. मी "जेवलीस का" विचारलंच नाही. एका दमात सांगितलं. मला जर्मनीत नोकरी मिळाली, डोंगरातलं गाव आहे, बर्फ पडतो, वर्षभरात तुला घेऊन जाते, आता आपण दोघी एकत्र.

पलीकडून काही आलं नाही.

मला वाटलं, लाइन गेली. मी दोनदा हॅलो म्हटलं. मागे आईचा आवाज ऐकू येत होता, ती कुणाला तरी अंगणातून हाक मारत होती. म्हणजे लाइन होती. लेक गप्प होती. नऊ वर्षांत मी तिला कधी गप्प ऐकलं नव्हतं. प्रत्येक प्रश्नाला तिचं "हो" ठरलेलं असायचं.

"अगं, बोल ना. आनंद नाही झाला?"

"आई," ती म्हणाली, "मग आजीला मी रोज साडेसातला फोन करायचा का? जेवलीस का विचारायचं, ती हो म्हणणार. एवढंच ना?"

मी तोंडाची फटकळ आहे, सौदी डॉक्टरांना उलट उत्तरं देते, पण बारा वर्षांच्या पोरीने मला एका वाक्यात गार केलं. ती हे चिडून म्हणाली असती तर मी तिच्यावर ओरडले असते. ती खरंच विचारत होती. तिला कामाची पद्धत माहीत करून घ्यायची होती. मी कसंबसं "नंतर बोलू" म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी बाबाच्या हातात सुई घालताना दोनदा चुकले, आणि माझा हात नावाजलेला. त्याने विचारलं, जर्मन नको म्हणाले का? मी सांगितलं, जर्मन हो म्हणाले. मग बाकीचंही सांगितलं. माझं अरबी अशा गोष्टींना पुरत नाही, तरी त्याला कळलं.

"तू काय केलंस?"

"काय करणार? आज फोनवर समजावते. तिकडे शाळा किती चांगली, हे सांगते. आजीलाही वर्षातून एकदा नेऊ, असं सांगते."

"म्हणजे आतून ओरडणार," बाबा म्हणाला.

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, तुमच्या आईला चार पावलांवर विहीर होती, मला मध्ये समुद्र आहे. त्याने खिशातून एक खजूर काढून, माझ्या देखत, शांतपणे खाल्ला. मी तो काढून घेतला नाही. त्या दिवशी माझ्यात तेवढी ताकद नव्हती.

सुट्टीसाठी मी दुपारी मेट्रनच्या खोलीत गेले. वर्षाची रजा मी जर्मनीला जाण्याआधीच्या धावपळीसाठी राखून ठेवली होती. मेट्रन म्हणाली, कागदपत्रं राहिलीत तुझी, आत्ता कशाला जातेस? मी म्हटलं, घरी जायचंय. आजारी आहे का कुणी? मी म्हटलं, नाही, सगळे ठीक आहेत. तिने मला वेड्यात काढलं आणि सही केली.

जर्मनीला मी पत्र लिहिलं की उत्तराला तीन आठवडे द्या. मुख्य परिचारिकांनी एका ओळीत कळवलं: द्यायला हरकत नाही, गाव दीडशे वर्षं थांबलं होतं. मला त्या बाई फार आवडल्या.

लेकीला मी येणार हे सांगितलं नव्हतं. श्रीवर्धनच्या स्टँडवरून रिक्षा केली आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला वाडीत शिरले. रहाट कधीच गेला, आता विजेचा पंप आहे. लेक शिंपण्याचा पाइप एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्यात टाकत होती. पाय चिखलात, परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला. मला माहीतच नव्हतं की ही शिंपण करते. फोनवर मी कधी विचारलं नव्हतं.

तिने मला बघितलं. धावत वगैरे आली नाही. आधी जाऊन पंप बंद केला.

मी चपला काढल्या आणि तिच्याशेजारी बांधावर बसले. समजावायला काही आणलं नव्हतं, शाळेची माहिती नाही, बर्फाचे फोटो नाहीत. म्हटलं, "मी ऐकायला आलेय." ती आधी पायाच्या बोटांनी चिखल उकरत राहिली. मग म्हणाली, "किती वेळ?" मी म्हटलं, "पंधरा दिवस."

मग ती बोलायला लागली. कुठलं झाड मावशीच्या नावाचं आणि कुठलं तिच्या, आजीचे गुडघे रात्री किती दुखतात आणि ती फोनवर ते का सांगत नाही, शाळेत कोण तिला चिडवतं, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आजीने काय केलं, मी गेले त्या दिवशीचं तिला काय आठवतं. पिवळी पिशवी आठवते, माझा चेहरा आठवत नाही. जर्मनीला येते, असं त्यात कुठे नव्हतं. येत नाही, असंही नव्हतं. मी मध्ये एक अक्षर बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल हे किती अवघड आहे.

सुपाऱ्यांच्या शेंड्यांवरून ऊन गेलं. घरात भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजले असतील, कारण आईने सवयीने फोन हातात घेऊन ओटीवर येऊन आम्हाला हाक मारली, मग फोनकडे बघितलं आणि तो कनवटीला खोचला.

"अगो, पानं घेतलीत, चला दोघी," ती म्हणाली.

आम्ही तिघी जेवायला बसलो. जेवलीस का, हे त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही.